कॅप्टन बारकर

१

सोमवारी दुपारी मृणाली आठवीच्या तिन्ही तुकड्यांचे इतिहासाचे पेपर तपासत होती. सातव्या पेपरवर तिचं लाल पेन थांबलं. तिने आधीचे सहा पुन्हा उघडले, मग उरलेले सगळे भराभर चाळले. जेवणाचं ताट तसंच झाकून राहिलं. शेवटी नऊ पेपर वेगळे काढून तिने माझ्यासमोर ठेवले.

"सुयोग, माझी उत्तरं फुटली," ती म्हणाली.

परीक्षा आदल्याच दिवशी, रविवारी झाली होती. धडा होता अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा. ब्रिटिश राज्यकर्त्यांशी त्यांचं कसं बिनसत गेलं आणि स्वातंत्र्याच्या आधीच्या बारा-तेरा वर्षांत तणाव कसा वाढत गेला, हे मृणालीने महिनाभर शिकवलं होतं. बहारीनमधल्या जनाबियातल्या त्या शाळेत अकरा देशांची मुलं. तिने एका आठवड्यात प्रत्येक वहीवर कागदी स्टॅम्प चिकटवल्याशिवाय वही तपासायची नाही असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला शिपाई करून उरलेल्यांच्या बाकांवर घुसवलं होतं. मुलं खरोखर चिडली, आणि तेच तिला हवं होतं.

पेपरातला शेवटचा प्रश्न मोठा होता : परत फिरणं अशक्य झालं तो क्षण कोणता? आदर्श उत्तरात तिने स्वतः एक वाक्य लिहिलं होतं, की सैन्य आलं तेव्हा नव्हे, तर वसाहतींचा शेवटचा अर्ज राजाने हातात घ्यायलाही नकार दिला तेव्हा. नऊ पेपरांत तेच वाक्य होतं, शब्दन् शब्द. आणि नऊही पेपरांत दोन चुका सारख्या होत्या. बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्या ३४२, मुलांनी लिहिल्या ३२४. लेक्सिंग्टनच्या लढाईत गावकऱ्यांचा म्होरक्या कॅप्टन पार्कर, मुलांनी लिहिलं कॅप्टन बार्कर.

मी म्हटलं, शाळेला कळवायच्या आधी एक दिवस थांब. ती थांबली नाही. तिनेच प्राचार्यांना मेल केला, नऊ पेपरांचे फोटो जोडले.

मंगळवारी सकाळी आठ वाजता शाळेचा फोन आला. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने शाळेत यायचं नव्हतं.

२

आमचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी गोदीत काम करताना माझ्या कमरेवर लोखंडी साखळी पडली. तेव्हापासून मी काठीशिवाय शंभर पावलं चालू शकत नाही. नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि मी मृणालीच्या व्हिसावर आलो. आमची तेजस्वी त्याच शाळेत आठवीत, शिक्षिकेची मुलगी म्हणून प्रवेश मिळालेली. मृणालीवर ठपका आला तर तिघांनाही देश सोडावा लागणार, आणि असा ठपका घेऊन आलेल्या शिक्षिकेला दुसरीकडे कोण उभं करणार? गुहागरला परत जायचं तर कशाच्या बळावर, हे दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

शाळेचं म्हणणं सरळ होतं. उत्तरं दोनच ठिकाणी होती. एक मृणालीच्या लॅपटॉपवर. दुसरी छापील प्रत परीक्षा विभागात, सीलबंद पाकिटात, आणि ते सील रविवारी सकाळी सगळ्यांसमोर शाबूत निघालं. मुलांनी सांगितलं की शनिवारी संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून नऊजणांना टाइप केलेली उत्तरं आली. मेसेज नंतर पुसला गेला. मग संशय घ्यायचा कोणावर? ज्या बाईची मुलगी त्याच वर्गात आहे, तिच्यावर. गुरुवारी दहा वाजता समिती बसणार होती.

मंगळवारी दुपारी ऋत्विक सामंत माहूजला आमच्या घरी आला. ऋत्विक शाळेचा अकॅडमिक कोऑर्डिनेटर, मूळचा गणिताचा. मृणालीला ही नोकरी त्यानेच सुचवली होती. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याची बायको रंजिता पंधरा दिवस डबा पोचवत होती. तो म्हणाला की आपल्याला फार वाईट वाटतं, पण आपण काही करू शकत नाही. मागच्या आठवड्यात बुधवार-गुरुवार तो तापाने घरी पडून होता, पेपर सील झाला तेव्हा शाळेत नव्हताच, उत्तरं त्याने पाहिलीसुद्धा नाहीत. एकच मार्ग त्याला दिसत होता. मृणालीने निष्काळजीपणा मान्य करून राजीनामा द्यावा. मग शाळा मंत्रालयाकडे तक्रार करणार नाही, आणि तेजस्वीचं नाव कुठे येणार नाही.

मसुदा तो टाइप करूनच घेऊन आला होता.

मृणालीने तो वाचला आणि घडी घालून ठेवला. मला वाटलं, फाडेल. बुधवारी सकाळी औषधाची चिठ्ठी शोधताना मी तिची पर्स उघडली. त्यात तोच कागद होता, आणि खाली तिची सही होती.

३

मी तिला काही विचारलं नाही. खाली उतरून टॅक्सी केली आणि बुसैतीनला जमालचाचांकडे गेलो.

जमालुद्दीन पारकर रत्नागिरीजवळच्या राजिवड्याचे. मनामातल्या एका भाषांतर कचेरीत त्यांनी अडतीस वर्षं काढली. कोर्टाची कागदपत्रं अरबीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून अरबीत. एका चुकीच्या तारखेने माणूस तुरुंगात जातो हे त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कागद वाचताना ते आधी चुका वाचत. मी त्यांना चार वर्षं ओळखत होतो. आमच्या इमारतीतल्या एका सुताराचा पासपोर्ट एका अक्षरामुळे अडकला होता, तो त्यांनी सोडवला होता.

त्यांनी चष्मा बदलला, नऊ पेपरांचे फोटो मोठे करून पाहिले, मग धडाही वाचला. अर्धा तास झाला. त्यांच्या पत्नी मुनीराचाची दोनदा चहा ठेवून गेल्या.

"ही उत्तरं चोरणाऱ्याने कागद पाहिलेलाच नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याने तो ऐकलाय."

मी विचारलं, कशावरून? त्यांनी सांगितलं की डोळ्यासमोर छापील ३४२ असताना कोणी एखादा आकडा चुकेल, पण त्याच कागदावर पार्करचा बार्कर करणार नाही. शिवाय कागद किंवा फाइल हाताशी असेल तर चोर फोटो काढतो. इथे कोणीतरी सगळं पुन्हा टाइप केलं, म्हणजे त्याच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्यांना परीक्षेचे कागद हाताळणारी माणसं हवी होती. छपाईच्या खोलीत गुंडू होता, कुडाळचा. जमालचाचांनी त्याला माझ्या फोनवरून गाठलं. गुंडू घाबरलेला होता. त्याच्याकडे फक्त प्रश्नपत्रिका आली होती, उत्तरं कधीच नाहीत. "माका इंग्रजी वाचूक येता तां मशीनच्या बटनांपुरता," तो म्हणाला, "उत्तरां मी खंय बघतलय?" उत्तरांची प्रत परीक्षा विभागातली सुहा स्वतः छापते आणि स्वतःच सील करते, एवढं त्याने सांगितलं. गेल्या गुरुवारी दुपारी तिने त्याला सील करायची लाख मागितली होती. नेहमीपेक्षा उशिरा.

जमालचाचांनी सुहाचं नाव कागदावर लिहिलं. मग मला म्हणाले, आधी तुझ्या घरी जाऊ. सही केलेल्या बाईला काहीतरी माहीत आहे, ते ती सांगत नाही.

४

मृणाली स्वयंपाकघरात होती. चाचांनी तिला राजीनाम्याबद्दल विचारलं नाही. फक्त ३२४ हा आकडा कागदावर लिहून तिच्यापुढे धरला. तिने गॅस बंद केला.

मग ती बोलली. तेजस्वी सहा-सात वर्षांची असताना मृणाली तिला मराठी आकडे शिकवायची. बेचाळीस म्हटलं की पोर आधी दोन लिहायची आणि मग चार. कारण कानाला आधी बे येतो, नंतर चाळीस. ही सवय जाता जाता दोन वर्षं लागली. आणि मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी मृणालीने इथेच, गॅससमोर उभं राहून, उत्तरं मोठ्याने वाचून तपासली होती. आकडे ती नेहमी मराठीतच वाचते. तेजस्वी पलीकडे टेबलावर बसली होती, कानात इअरफोन घालून. नऊपैकी तीन मुलं तिच्या ग्रुपमधली.

"तीनशे बेचाळीस मी म्हटलं, आणि तिने तीनशे चोवीस ऐकलं," मृणाली म्हणाली. "ती तेरा वर्षांची आहे, चाचा. शाळेतून काढलेली मुलगी म्हणून ती आयुष्यभर फिरू शकणार नाही. मी फिरू शकते."

मी खुर्चीला धरून बसलो. तेजस्वी आतल्या खोलीत होती, दार लावलेलं. दोन दिवस मी तिला धीर देत होतो, आणि तिची आई तिच्यासाठी शिक्षा भोगायची तयारी करत होती.

"तिला विचारलंस?" चाचांनी विचारलं.

मृणालीने नकारार्थी मान हलवली. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चाचांनी कागदावर दुसरा शब्द लिहिला. बार्कर. मग तिला विचारलं की हे नाव तू मोठ्याने कसं वाचलंस. पार्कर, ती म्हणाली, दुसरं कसं वाचणार?

"पोरी, माझं आडनाव पारकर," जमालचाचा म्हणाले. "अडतीस वर्षं या बहारीनमध्ये मला सगळे बारकर म्हणतात. अरबीत प नाही. बँकेत बारकर, दवाखान्यात बारकर. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. तुझ्या ओट्याशी कोणी ऐकलं असतं तर कॅप्टनचा पार्करच राहिला असता."

आणि आकडा? मृणालीने विचारलं. चाचा म्हणाले, अरबीतही मराठीसारखंच. तीनशे, दोन आणि चाळीस, अशा क्रमाने बोलतात. कचेरीत आपली नवी मुलं फोनवर अरबी आकडा ऐकून हमखास उलटा लिहायची. त्यांनी स्वतः पहिल्या वर्षी एका खटल्यात घर नंबर बेचाळीसचा चोवीस केला होता.

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. वाचणारा अरबी बोलणारा होता. ऐकणाऱ्याची ती भाषा नव्हती, फक्त शिकलेली होती, आणि त्याला इतिहास येत नव्हता, नाहीतर त्याने कॅप्टनचं नाव तरी ओळखलं असतं. आणि वाचणारा व ऐकणारा एका खोलीत नव्हते. एका खोलीत असते तर ऐकायची गरजच नव्हती, कागद पाहिला असता.

"परीक्षेच्या कागदांजवळ अरबी बोलणारं एकच माणूस आहे," ते म्हणाले. "पण चोर ते नाही."

५

सुहा बुसैतीनचीच, चाचांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी पाचला आम्ही गेलो. मुनीराचाची पुढे झाल्या, म्हणून दार उघडलं. सुहा सव्वीस-सत्तावीस वर्षांची असावी. तिने कॉफी दिली आणि कोणी काही विचारायच्या आधीच आपला फोन उलटा करून ठेवला, तेव्हा मला कळलं की तिला आमच्या येण्याचं कारण माहीत आहे.

चाचा तिच्याशी अरबीत बोलले, हळू, वडिलांसारखे. मला तुटक समजत होतं. त्यांनी तिला चोर म्हटलं नाही. विचारलं एवढंच, की गेल्या गुरुवारी दुपारी फोनवर तुला उत्तरं वाचून दाखवायला कोणी सांगितलं, आणि ते सांगणाऱ्याला नाही म्हणणं तुला शक्य होतं का.

तिची आई दारात येऊन उभी राहिली. दोन वर्षं घरी बसल्यावर सुहाला ही नोकरी मिळाली होती. गोपनीय कागद फोनवर वाचणं म्हणजे नोकरी जाणारच, हे तिला पहिल्याच दिवशी सही करून घेऊन सांगितलं होतं.

शेवटी तिने मान खाली घालून सांगितलं. ऋत्विक सरांचा फोन आला होता. आजारी आहे, येता येत नाही, फोटो नको, फक्त वाचून दाखव, सील करण्यापूर्वी उत्तरं एकदा तपासायला हवीत, नाहीतर रविवारी गोंधळ होईल. सगळे कागद त्यांच्या सहीनेच पुढे जातात. ते तिच्याशी नेहमी अरबीतच बोलायचे, अकरा वर्षांत शिकलेल्या त्या अरबीचा त्यांना अभिमान होता. म्हणून तिने आकडे अरबीत वाचले. बावीस मिनिटं. मग पाकीट सील केलं.

त्याचं घरी असणं हा त्याचा बचाव होता. आणि घरी होता म्हणूनच त्याला फोन करावा लागला होता.

मी चाचांना म्हटलं, आता उद्या समितीसमोर हिने हेच सांगावं. चाचांनी ते भाषांतर केलं नाही. सुहानेच माझा चेहरा पाहून ओळखलं असावं. ती उठली, कॉफीचे कप गोळा केले, आणि आम्हाला दारापर्यंत सोडताना हिंदीत म्हणाली, "मुझे माफ कीजिए. मैं नहीं आ सकती."

गाडीत मी चाचांना विचारलं, आता? तिच्याशिवाय आपल्याकडे पुरावा काय? एक पारकर आणि एक उलटा आकडा. समिती हसेल.

चाचा म्हणाले, हो, हसेल.

६

गुरुवारी मृणालीने ती सही केलेली घडी पर्समध्ये ठेवली, आणि मी काढायला सांगूनही काढली नाही; सुहा आली नाही तर तेजस्वीचं नाव वाचवायला तेवढंच उरलं होतं. आम्ही साडेनऊला पोचलो. मी आणि चाचा बाहेरच्या बाकावर बसलो. ऋत्विक आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला. दहा वाजता दार बंद झालं.

बाहेर इतकं ऊन होतं की काचेतून मैदान पांढरं दिसत होतं. दहा वीसला आतून आवाज वाढले, मग थांबले. मला खात्री झाली की तिने कागद पुढे केला.

साडेदहाला पायऱ्यांवर सुहा दिसली. बरोबर आई होती. सुहाने आमच्याकडे पाहिलं नाही. तिने दार वाजवलं, फोन हातात धरूनच, आणि आत गेली. आई आमच्यासमोरच्या बाकावर बसली आणि बुरख्याखाली जपमाळ फिरवू लागली.

आत काय झालं ते मृणालीने नंतर सांगितलं. राजीनामा तेव्हा टेबलावरच होता, अध्यक्षांनी तो अजून उघडला नव्हता. सुहाने फोनवरची ऋत्विकच्या कॉलची नोंद दाखवली, गेला गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, कॉल बावीस मिनिटांचा. मग मृणालीने विचारायची परवानगी घेतली, आणि नऊ मुलांची नावं वाचली. त्यातली दोन क तुकडीची होती, तिथे मृणाली शिकवतच नाही. तिन्ही तुकड्यांतली नापास होऊ घातलेली नऊ मुलं, अशी यादी एकाच माणसाकडे होती. आठवीचा निकाल त्या वर्षी घसरला तर ऋत्विकचा करार वाढणार नव्हता, हे समितीलाच सर्वांत चांगलं माहीत होतं. अध्यक्षांनी त्याला विचारलं, फोन का केलात? तो फाइल बंद करून उठला.

तो बाहेर आला तेव्हा माझ्यासमोर थांबला.

"मला तिच्यावर ढकलायचं नव्हतं, सुयोग," तो म्हणाला. "तिने स्वतःच मेल केला. ती गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं."

मला काठी उचलून त्याला मारावंसं वाटलं. पण रंजिताचे डबे आठवले, आणि ते आठवल्यावर आणखी राग आला. मी काहीच केलं नाही. तो पार्किंगकडे गेला. पुढच्या महिन्यात ते कुटुंब देश सोडून गेलं. रंजिताने मृणालीला फोन केला नाही, मृणालीनेही नाही.

सुहाची नोकरी त्याच दिवशी गेली. मृणालीने समितीला तिच्यासाठी पत्र दिलं, वीसेक शिक्षकांच्या सह्या घेऊन. उत्तर आलं नाही. चाचा आता तिच्यासाठी ओळखीच्या कचेऱ्यांत विचारत फिरतात. ते म्हणतात, इंशाल्ला, आणि फोन करत राहतात.

७

तेजस्वीला सगळं कळलं ते शनिवारी. मृणालीनेच सांगितलं, मी नको म्हणत असताना. तिने राजीनाम्याची ती घडी लेकीसमोर ठेवली, आणि सही का केली तेही सांगितलं.

तेजस्वीने कागद वाचला. तिचा स्वतःचा पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासला होता. त्यात पेट्या ३४२ होत्या आणि कॅप्टन पार्कर.

"यू थॉट इट वॉज मी," ती म्हणाली. विचारत नव्हती.

मृणाली हो म्हणाली.

पाच दिवस मुलगी आईशी बोलली नाही. जेवायला यायची, ताट उचलून ठेवायची, खोलीत जायची. माझ्याशी बोलायची, पण आई आली की थांबायची. मृणालीने तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. फक्त रोज संध्याकाळी तिच्या दारापाशी खुर्ची टाकून वह्या तपासत बसायची.

सहाव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. दोन वर्षांचा नवा करार, झाल्या प्रकाराबद्दल खेद, सही करून रविवारपर्यंत पाठवावा. मी सुटकेचा निःश्वास सोडला. दोन वर्षं म्हणजे माझी कंबर, तेजस्वीची शाळा, सगळंच.

मृणालीने पेन घेतलं, आणि ठेवलं. कागद घेऊन ती तेजस्वीच्या खोलीत गेली. मी अर्धवट उघड्या दाराबाहेर उभा होतो.

"इथे राहायचं की घरी जायचं," तिने विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तेजस्वी इंग्रजीत म्हणाली की तूच ठरव, नाहीतरी तूच ठरवतेस.

"नाही," मृणाली म्हणाली. "तू सांगेपर्यंत मी सही करणार नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि माझ्या मुलीने कागद मागितला. "दे," ती मराठीत म्हणाली, "आधी मला वाचू दे."

दोघी पलंगावर शेजारी बसून वाचू लागल्या. एकेका कलमाशी तेजस्वी थांबून काहीतरी विचारत होती, आणि मृणाली तिला उत्तर देत होती. मी काठी भिंतीला टेकवली आणि तिथेच उभा राहिलो.